साडेनऊच्या आधीचा फोन

हा माईक जरा खाली घ्या कोणीतरी. हां. आणखी थोडा. बस्स.

वहिनी, प्रांजली, जावईबापू, आणि गावंडे सरांच्या शिट्टीवर धावून धावून मोठ्या झालेल्या पोरापोरींनो. तुम्ही एवढे सगळे आलात. संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी या हॉलच्या भिंती तापलेल्या आहेत, तो कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला आहे, आणि तरी मागं दारापर्यंत माणसं उभी आहेत. सरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "प्रॅक्टिसले एवढे काहून नाही येत बे तुमी?"

मी हमीद. अकोल्याचा. माझ्याआधी जे बोलले ते फार चांगलं बोलले. मला तसं येत नाही. मी पीटीचा मास्तर. एकतीस वर्षं मैदानावर ओरडलो. मला ओरडता येतं, बोलता येत नाही. आणि आज ओरडायचीही ताकद नाही. खरं सांगतो, मी थकलो आहे. दुपारी बडनेऱ्याला गाडीतून उतरलो, ऑटोत बसलो, आणि वाटलं की ऑटोवाल्याला म्हणावं, बाबा, परत स्टेशनवर घे. मग राजापेठेतली गर्दी लागली, क्लासेस सुटले होते, गाड्याच गाड्या. ऑटो हलेना. मी म्हटलं, चला, आता उलटं फिरणंही शक्य नाही. म्हणून आलो.

आमच्या वयाला शोकसभा काही नवीन नाही. सतरंजी कुठं टाकायची, हार कोणी आणायचा, पहिलं कोणी बोलायचं, सगळं पाठ झालं आहे. माणूस कंटाळून जातो. रडायचाही कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

पण मी आज सरांची थोरवी सांगायला उभा राहिलो नाही. ती तुम्हाला माहीत आहे. मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सगळ्यांच्या समोर सांगायची आहे. एकट्या वहिनींना काल सांगितली. त्यानं माझं भागलं नाही.

गावंडे गेला त्या सकाळी त्यानं मला तीन वेळा फोन केला. तीन वेळा. मी फोनच्या समोर उभा होतो. त्याचं नाव दिसत होतं. मी उचलला नाही.

बसा, बसा. कोणी चुळबुळ करू नका. सांगतो का ते.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे, आम्ही दोघं दोस्त नव्हतो. तो अमरावतीचा कोच, मी अकोल्याचा. विभागीय स्पर्धेत दरसाल समोरासमोर. तो त्या बेंचवर, मी या बेंचवर. मी पंचांशी भांडायचो, टॉवेल फेकायचो, पाणी सांडायचो. तो मांडीवर हात ठेवून बसलेला. मला त्याच्या त्या शांत बसण्याचा फार राग यायचा.

एकदा अकोल्यात फायनल होती. शेवटच्या मिनिटाला माझ्या पोराचा पाय लाइनीच्या बाहेर पडला. पंचाला दिसलं नाही. मला दिसलं. मी वर पाहिलं तर गावंडे माझ्याकडेच पाहत होता. त्यालाही दिसलं होतं. मी गप्प राहिलो. बॉल आमचाच राहिला, बास्केट झाली, आम्ही जिंकलो. मॅच संपल्यावर तो आला, हात मिळवला, आणि म्हणाला, "हमीद, त्या पोट्ट्याचा पाय मोठा आहे बे. एक नंबर मोठा बूट घेऊन दे त्याले." एवढंच. पुढं वर्षानुवर्षं भेटला, त्या मॅचचं नाव काढलं नाही. मला मात्र तो दिसला की तो पाय आठवायचा.

असा माणूस होता.

मग दोघं रिटायर झालो. वर्षातून एखाद्या लग्नात भेट व्हायची. मागच्या ऑगस्टमध्ये माझी बायको गेली. सलमा. काही लोकांनी पाहिलं असेल तिला. तिसऱ्या दिवशी गावंडे एसटीनं अकोल्याला आला. तीन तास माझ्यासमोर खुर्चीवर बसला. जाताना एवढंच विचारलं, "जेवला का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "नाही जेवला." आत गेला, माझ्या बहिणीला सांगून ताट वाढून आणलं, मी खाईपर्यंत उभा राहिला, आणि मग गेला.

ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. सोयाबीन निघून राहिलं होतं तेव्हा.

"हमीद, युरोपातली एक लीग असते बे. बास्केटबॉलची. क्लबायची."

मी म्हटलं, "असन."

"माह्या जुन्या पोट्ट्यानं टीव्हीवर लावून देल्ली. जर्मनीत आहे तो. तुह्याकडे बी लावून देतो म्हणते."

"मले नाही पाहायचं काही."

"मले एकट्याले समजत नाही बे. तू सांगत जाय."

एकट्याला समजत नाही! ज्या माणसानं या अख्ख्या शहराला बॉलचा टप्पा मारायला शिकवलं, त्याला बास्केटबॉल समजत नाही. हा खोटं बोलून राहिला आहे हे मला तेव्हाच कळलं. पण घर फार शांत झालं होतं. मी म्हटलं, बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडं देशादेशांतले क्लब एका मोठ्या स्पर्धेत उतरतात. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या गावात, एकदा त्याच्या गावात. आपल्याकडे सोयाबीन निघताना सुरू होते, आणि आपण कूलरच्या ताट्या बदलायला काढतो तरी संपत नाही. वरचे दहा संघ पुढं राहतात, खालचे घरी जातात. मग त्या वरच्यांची आपसात मारामारी, आणि शेवटी चार संघ एका शहरात जमतात. एवढं लांबलचक प्रकरण. कधी कधी आठवड्यात दोन-दोन मॅची. आज या देशात, परवा त्या देशात. फेब्रुवारीपर्यंत त्या खेळाडूंचे चेहरे असे होतात की वाटतं, यांना कोणी घरी जाऊ द्या रे.

त्या क्लबांची नावं आमच्या दोघांच्या तोंडात काही बसेनात. मग गावंडेनं त्यांना आपल्याकडची नावं देऊन टाकली. एक फार श्रीमंत क्लब होता, त्याला मुंबई. एकाचे लोक मॅचभर ढोल बडवायचे, त्याला अचलपूर. आणि एक होता लहानशा गावचा. रेल्वेलाइनीवरचं गाव, छोटा हॉल, एकदा हॉलच्या मागून गाडी जाताना टीव्हीत दिसली. गावंडे म्हणाला, "हे आपली चांदूर रेल्वे." झालं. त्या दिवसापासून आमचा संघ इथल्या शेजारच्या गावाच्या नावाचा, चांदूर रेल्वे. पहिल्या सहाही मॅची हरली. आम्ही काही सोडली नाही.

तिथं एक गार्ड होता, बॉल पुढं आणून पास देणारा खेळाडू. सदतीस वर्षांचा. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. डोक्यावर केस नाहीत. उडी मारायचा नाहीच तो. चालत यायचा, बॉल हातात घेऊन इकडंतिकडं पाहायचा, जणू भाजीबाजारात आला आहे, आणि मग असा पास द्यायचा की समोरचे दोघं चुकीच्या दिशेला पळालेले असायचे. गावंडे म्हणायचा, "पाय थकले याचे. डोकं नाही थकलं."

आता आमची पद्धत ऐका, कारण सगळं त्या पद्धतीवरच येऊन अडलं.

त्या मॅची आपल्याकडे मध्यरात्री होतात. आम्ही दोघं बीपीच्या गोळ्या खाणारी माणसं, दहाला आडवे. म्हणून मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायची. बरोब्बर साडेनऊ. एकानं दुसऱ्याला फोन लावायचा, फोन टेबलावर मोकळा ठेवायचा, आणि दोघांनी एकदम सुरू करायची. तो मोजायचा, "एक, दोन, तीन, दाब." माझा टीव्ही कसा काय कोण जाणे, चार सेकंद पुढं चालायचा. मी "गेला!" म्हणून ओरडलो की अमरावतीत बॉल अजून हवेत. तो चिडायचा. "हमीद, तोंड बंद ठेव बे! माह्याइकडे अजून मारलाच नाही त्यानं!"

आणि मागून वहिनींचा आवाज. "भाऊ, यायले सांगा, चहा थंडा होऊन राहिला." दोन महिन्यांत वहिनीच टीव्हीसमोर येऊन बसल्या. बॉल हातात घेऊन कोणी जास्त चालला की पंचांच्या आधी यांचा आवाज, "पावलं झाली! पावलं झाली!" वहिनी, हसा. हसायचीच गोष्ट आहे ती.

तर नियम असा की साडेनऊपर्यंत स्कोअर कळू द्यायचा नाही. रात्री इंटरनेट बंद करून झोपायचं. सकाळी कोणाशी बोलायचं नाही. आपल्या पेपरात ती बातमी छापून येत नाही, ते बरं होतं. त्या जर्मनीतल्या पोराला सक्त ताकीद होती की मेसेज टाकायचा नाही. दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ होता हो. पण माझ्यासारख्या माणसाला सकाळी उठायला काही कारण लागतं. मला साडेनऊ होतं. मी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचो. फोनवर शर्ट कोणाला दिसतो? तरी घालायचो.

डिसेंबरमध्ये चांदूर रेल्वेनं मुंबईला हरवलं. शेवटच्या सेकंदाला, त्या म्हाताऱ्या गार्डच्या हातून. जर्मनीतल्या पोराला राहवलं नाही, त्यानं सरांना मेसेज टाकला. आणि सरांना राहवलं नाही. सकाळी सात वाजता माझा फोन वाजला.

"हमीद, जिंकली बे! आपली चांदूर रेल्वे जिंकली!"

मी म्हटलं, "काय केलं तू हे? मी पायली नाही ना अजून!"

"अरे, हो."

"अरे हो काय? पोटात ठेवता येत नाही का तुले?"

"नाही ठेवता आलं, बाप्पा."

मी फार चिडलो. आज लाज वाटते इतका चिडलो. चांगली मॅच होती, वर्षातली सगळ्यात चांगली, आणि माझी वाया गेली असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, आणि हे मी माझ्या तोंडानं म्हटलं, "याच्यापुढे साडेनऊच्या आधी तुहा फोन आला तर मी उचलणार नाही. तू मरून गेला तरी उचलणार नाही."

आपण बोलतो ना असं. घरात, मैदानावर, दिवसातून दहा वेळा बोलतो. कोणाला वाटतं काही?

त्यालाही काही वाटलं नाही. तो हसला. म्हणाला, "बरं. नियम म्हणजे नियम." आणि त्यानंतर खरंच साडेनऊच्या आधी त्याचा फोन कधी आला नाही.

थंडी गेली. चांदूर रेल्वे वर चढत गेली. सतराव्यावरून चौदाव्या नंबरवर, चौदाव्यावरून बाराव्या. मार्चमध्ये मला जाणवलं की गावंडे तिसऱ्या क्वार्टरला गप्प होतो. मला वाटलं, चांदूर रेल्वेच्या डिफेन्सवर नाराज आहे. एकदा विचारलं तर म्हणाला, "जरा दम लागून राहिला." मी म्हटलं, "खेळून कोण राहिलं, तू का ते?" आणि दोघं हसलो. मी मास्तर माणूस. पोराचा श्वास ऐकून सांगायचो की याला बाहेर काढा, हा पडेल. आणि त्याचा श्वास दर मॅचला दोन तास माझ्या टेबलावर होता.

साखळीतली शेवटची मॅच उरली. चांदूर रेल्वे अकराव्या नंबरवर. जिंकली तर दहात, हरली तर घरी. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही फोनवर बोललो. त्याला म्हटलं, "झोप येईन का तुले?" तो म्हणाला, "गोळी खाऊन झोपतो. तू बी झोप. साडेनऊ."

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी चहा ठेवत होतो. नाव पाहिलं, गावंडे. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. माझ्या मनात आलं, जिंकली. हा म्हातारा पुन्हा स्कोअर सांगायला निघाला. वाजू दिला. थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा. मला हसू आलं. मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला. सात वीसला तिसऱ्यांदा वाजला. मी मोठ्यानं म्हटलं, एकट्या घरात मोठ्यानं म्हटलं, "नाही उचलत जाय."

मी खूश होतो हो. तुम्हाला कसं सांगू. तीन तीन फोन म्हणजे नक्की जिंकली. कितीतरी महिन्यांनी मी चहात साखर घातली. आंघोळीला गेलो तेव्हा गुणगुणत होतो.

साडेनऊला मी फोन लावला. उचलल्याबरोबर, पलीकडचं काही न ऐकता, मी म्हटलं, "काहून बे? राहिलं नाही ना पोटात?"

पलीकडे प्रांजली होती, त्याची लेक.

बेटा, त्या वाक्याची मी तुझी माफी मागितली, तू म्हणालीस, काका जाऊ द्या. पण ते वाक्य काही जात नाही.

पहाटे पाच वाजता छातीत दुखायला लागलं होतं. दवाखान्यात नेलं. साडेसातला ऑपरेशनला आत नेलं. तो आतच गेला. साडेनऊला मी गंमत करत होतो तेव्हा त्याला जाऊन अर्धा तास झाला होता.

तेव्हापासून मला सगळे समजावतात. माझा मुलगा पुण्याहून फोन करतो. अब्बा, तुम्ही अकोल्यात बसून काय करणार होतात? तुम्ही कुठं डॉक्टर आहात? बरोबर आहे त्याचं. मी काहीच करू शकलो नसतो. शंभर किलोमीटरवरून मी काय केलं असतं? हे मला कळत नाही असं थोडंच आहे. पण बाबांनो, आम्ही दोघांनी तुम्हाला मैदानावर आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली. त्यानं इथं, मी तिथं. आपल्या माणसाची हाक आली की वळायचं. का हाक मारली, कशाला मारली, हा विचार नंतर. आधी वळायचं. जो वळला नाही त्याला मी मैदानाला दहा चकरा मारायला लावायचो. माझ्या हातच्या चकरा मारलेले लोक अकोल्याहून आले आहेत, मागं उभे आहेत, त्यांना विचारा.

काल तेरवी झाली. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले, तेव्हा प्रांजली माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, काका, बाबांनी तुम्हाला का फोन केला होता ते सांगायचं राहिलं. मी तेरा दिवस तेच विचारायला घाबरत होतो. मला वाटायचं, मदत मागितली असेल. भीती वाटली असेल त्याला. काही सांगून ठेवायचं असेल, वहिनींचं, हिचं.

तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. सरांनी स्ट्रेचरवरून फोन मागितला. तीनदा लावला. मग फोन हिच्याकडे देऊन म्हणाले, "नाही उचलत तो. साडेनऊ नाही झाले ना." आणि हसले. ही म्हणाली, बाबा, मी माझ्या फोनवरून लावते, काकांना सांगते की आपण दवाखान्यात आहोत. तर म्हणाले, "नको. एकटा असते तो घरी. घाबरून जाईन. साडेनऊले सांगजो फक्त, का आज मले जमत नाही. माह्यासाठी थांबू नको म्हणा. पाहून घे म्हणा."

बस. एवढ्यासाठी तीन फोन.

सुट्टी मागायला फोन केला होता हो त्यानं. चौतीस वर्षांच्या नोकरीत न सांगता कधी गैरहजर राहिला नाही, तो माणूस आत जाता जाता मला सांगायला पाहत होता की आज साडेनऊला येता येणार नाही.

मी ती मॅच पाहिली नव्हती. तेरा दिवस इंटरनेट बंदच ठेवलं होतं. स्कोअर कळू नये म्हणून नाही, आता कसला स्कोअर. हातच होत नव्हता. पण त्यानं निरोप ठेवला होता, पाहून घे म्हणा. म्हणून काल रात्रीच अकोल्याला परत गेलो, आज सकाळी आंघोळ केली, हाच शर्ट घातला, आणि साडेनऊला बसलो. फोन समोर ठेवला, लावला कोणालाच नाही. एक, दोन, तीन म्हटलं आणि दाबलं.

हरली.

थोडक्यात हरली असंही नाही. सव्वीस पॉइंटनं हरली. दुसऱ्या क्वार्टरलाच मॅच संपली होती. कोणाच्या पायात जीव नव्हता, पास कुठं जात होते, उभे कुठं होते. सबंध मोसमातली सगळ्यात रद्दी मॅच. तो म्हातारा गार्ड तिसऱ्या क्वार्टरपासून बेंचवर, डोक्यावर टॉवेल घेऊन. मी शेवटपर्यंत पाहिली. शिट्टी झाली तेव्हा तो उठला, समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवला, पट्ट्या सोडल्या, आणि आत निघून गेला. हॉलमधली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. गावंडे असता तर त्यानंही वाजवल्या असत्या, आणि मला म्हटलं असतं, काहून बे, तू बी वाजव. मी वाजवल्या नाहीत. मी टीव्ही बंद केला आणि तसाच बसून राहिलो. या मॅचसाठी मी फोन पालथा ठेवला होता.

वहिनी, काल तुम्ही मला म्हणालात, "भाऊ, तुमी उचलला असता तरी त्यायनं एवढंच सांगतलं असतं." माझं समाधान व्हावं म्हणून म्हणालात. तुमच्या घरातला माणूस गेला आणि तुम्ही माझं समाधान करत बसलात. तुमचं म्हणणं खरं आहे. त्यानं एवढंच सांगितलं असतं. "हमीद, आज जमत नाही बे." आणि मी म्हटलं असतं, "बरं. उद्या पाहू." दहा सेकंदांचं बोलणं. त्यानं तो वाचला नसता. पण तो आत जाताना माझा आवाज ऐकून गेला असता. मला ते दहा सेकंद पाहिजेत, वहिनी. बाकी मला काही नको. आणि ते आता मला कोणी देऊ शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. म्हणून मी माफी मागत नाही. माफी मिळाली की माणूस मोकळा होतो. मला इतक्यात मोकळं व्हायचं नाही.

तुम्ही मान हलवू नका. राहू द्या. मी ठीक आहे. थकलो आहे, एवढंच.

आता सगळे उभे राहा. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी बसूनच राहा, सर रागावणार नाहीत. आपण दोन मिनिटं काही बोलणार नाही. मनात जे येईल ते येऊ द्या.

आणि एक विनंती आहे. या दोन मिनिटांसाठी कोणी फोन बंद करू नका. खिशात हात घालून राहिलेत ते दिसत आहेत मला. काढा हात. चालू राहू द्या. आणि कोणाचा वाजला, कोणाचाही, तर लाजू नका, बाहेर पळू नका. इथंच उचला.